ताजा भुसभुशीत बर्फ आणि वाऱ्याने दाबलेला बर्फ: गुलमर्गला जाण्याआधी

गुलमर्गला रात्रभर बर्फ पडून सकाळी ऊन निघालं की गोंडोलाच्या (रोपवेच्या) रांगेत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: किती पडला? वारा किती होता आणि कुठून आला, हे फार कमी जण विचारतात. हिमस्खलनाचा अंदाज घ्यायचा तर तो प्रश्न आधी विचारायला हवा.

वारा नसताना पडलेला बर्फ हलका असतो. पाय मांडीपर्यंत रुततो, मुठीत धरला तर घरंगळतो. खड्या उतारावर तो सुटतो तेव्हा बहुतेकदा एका बिंदूपासून सुटतो आणि खाली पंख्यासारखा पसरतो. माणूस साधारणतः त्या बिंदूच्या खाली नसतो, त्यामुळे बाजूला सरकायला वाव मिळतो. खाली कडा किंवा अरुंद नाळ असेल तर मात्र थोडा बर्फही जीव घेऊ शकतो.

वाऱ्याने आणलेल्या बर्फाची गोष्ट वेगळी. वारा धारेच्या एका अंगावरून बर्फ खरवडतो आणि आडोशाच्या अंगाला नेऊन टाकतो. या प्रवासात कण मोडून बारीक होतात आणि एकमेकांत गच्च बसतात. आभाळातून पडण्याच्या कितीतरी पट वेगाने तिथे भर पडते, तीही निळ्या आभाळाखाली, एक पाकळी न पडता. म्हणून ‘काल बर्फच पडला नाही’ हे निर्धास्त होण्याचं कारण नाही.

फसगत इथेच होते. भुसभुशीत बर्फात पाय रुततो म्हणून भीती वाटते, दाबलेला बर्फ पाय धरतो म्हणून भरवसा वाटतो. प्रत्यक्षात हा घट्ट थर एकसंध पाटीसारखा असतो. खालचा थर कच्चा असेल तर पाटी आडवी तडकते आणि ती तडक अनेकदा माणसाच्या वरच्या बाजूला जाते. म्हणजे तो सुटलेल्या पाटीच्या मधोमध सापडतो. कच्चा थर बऱ्याचदा थंड, कोरड्या दिवसांत तयार झालेला असतो, साखरेसारखा रवाळ. असा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहतो.

ओळखायचं कसं? धारेवर बर्फाचा छज्जा लोंबत असेल तर त्याच्या खालचा उतार भरलेला समजा. पृष्ठभाग चकाकण्याऐवजी खडूसारखा निस्तेज दिसतो, चालताना पोकळ आवाज येतो. स्कीची काठी हळूहळू खुपसा: वर घट्ट लागून खाली एकदम मऊ लागली तर मागे फिरा. पायाखालून चीर लांब पळत गेली किंवा ‘धप्प’ असा दबका आवाज होऊन बर्फ खचला, तर आणखी पुराव्याची वाट पाहू नका. बहुतेक पाट्या ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि स्कीसाठी हवेहवेसे वाटणारे उतार नेमके तेवढेच असतात. पायथ्याच्या सपाटीवर उभं राहूनही वरचा उतार अंगावर येऊ शकतो, हे विसरू नये.

गुलमर्गच्या वरच्या अफरवट शिखरावर गोंडोलाचा दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. गोंडोलालगतच्या भागावर स्की पेट्रोलची, म्हणजे उतारांवर गस्त घालणाऱ्या पथकाची नजर असते. त्याच्या बाहेर पाऊल टाकलं की निर्णय पूर्णपणे आपला. ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्ग भागात लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्याच हापतखुड भागात दोन पोलिश स्कीअर दगावले. पहाडाची सवय असलेली माणसंही यातून सुटत नाहीत.

चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते जरूर पाहा, पण इशारा मोठ्या प्रदेशासाठी असतो. एकाच धारेची एक बाजू वाऱ्याने उघडी पडलेली आणि दुसरी ओथंबलेली असू शकते, ते तिथे गेल्यावरच कळतं. गटातल्या प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवंच. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर जगण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते, आणि बाहेरची मदत एवढ्या वेळात पोहोचत नाही.