कोशवाल्यांच्या चिठ्ठ्या आणि कॉम्प्युटर

डिक्शनरी करायची म्हणजे पूर्वी ढिगाने चिठ्ठ्या गोळा करायच्या. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचं काम १८७९ साली जेम्स मरेंकडे आलं तेव्हा त्यांनी लोकांना जाहीर आवाहनच केलं, की बाबांनो पुस्तकं वाचा, वेगळा शब्द दिसला की तो शब्द, त्याचं वाक्य, पुस्तकाचं नाव, पान सगळं एका चिठ्ठीवर उतरवा आणि पाठवून द्या. लोकांनी लाखोंनी पाठवल्या. मरेंनी त्यासाठी पत्र्याची एक शेडच उभी केली, आत भिंतीला खणच खण.

पण खण भरले तरी एक घोळ झालाच. 'अब्यूजन' या कुणी फारसा न वापरणाऱ्या शब्दाच्या पन्नासेक चिठ्ठ्या आल्या आणि रोजच्या 'अब्यूज'च्या पाचसुद्धा नाहीत! नेहमीच्या शब्दावर वाचणाऱ्याची नजर अडकतच नाही, त्यामुळे सगळ्यात जास्त वापरातल्या शब्दांचेच पुरावे कमी, आणि ते शोधत बसायचं काम संपादकांच्या गळ्यात. कोश पूर्ण झाला १९२८ साली, तोवर मरे जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

कॉम्प्युटरने खरा फरक पाडला तो इथे. छपाई सोपी झाली, सर्च आला, ते ठीकच आहे हो, पण मुख्य म्हणजे मशीनला कुठलाच शब्द बोअर होत नाही. १९८० च्या सुमारास बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या टीमने पुस्तकं, पेपर, बोलण्याची टिपणं असा लाखो शब्दांचा साठा (यालाच कॉर्पस म्हणतात) कॉम्प्युटरवर घेतला आणि त्यावरून १९८७ मध्ये कोबिल्ड नावाची डिक्शनरी काढली. एखादा शब्द टाकला की तो जिथे जिथे आलाय त्या सगळ्या ओळी एकाखाली एक, शब्द बरोब्बर मधल्या रांगेत. अशा ओळी बघताना कळलं की 'बॅक' म्हटल्यावर आपल्याला आधी पाठ आठवते, पण वापरात 'परत' वगैरे अर्थच कितीतरी जास्त.

पुढे आकडेमोडही आली, म्हणजे कुठला शब्द कुणाच्या शेजारी नेहमीपेक्षा जास्त बसतो ते मोजायचं. आपला 'कडक' घ्या ना. चहा, ऊन, शिस्त, इस्त्री, उपास, ही सगळी त्याची शेजारीमंडळी, आणि प्रत्येकाबरोबर अर्थ थोडा वेगळा. हे डोक्याने आठवायला बसलं तर दोनतीन सुटणारच. मात्र साठा प्रचंड लागतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत केलेल्या ब्राउन कॉर्पसमध्ये दहा लाख शब्द होते, तरी त्यातले जवळपास निम्मे वेगवेगळे शब्द फक्त एकेकदाच आलेले, आता एका वाक्यावरून अर्थ ठरवणार कसा?

आणि ठरवणं हे काम अजून माणसाचंच आहे. पुण्यात डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा महाकोश चाललाय, सुमारे दीड हजार ग्रंथ, एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या, पहिला भाग १९७६ मध्ये आला आणि त्यानंतर कितीतरी वर्षं काम 'अ' मध्येच. चिठ्ठी स्क्रीनवर लगेच दिसेलही, पण ऋग्वेदातला अर्थ कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला हे बघायला पंडितच बसावा लागतो.

मराठीत तर शोधण्यातच गोची. देऊळ शोधलंत तर देवळात, देवळाच्या, देवळापाशी हे सगळं हातून निसटतं, कारण प्रत्यय लागायच्या आधी मूळ शब्दच बदलतो, म्हणजे आधी सामान्यरूपं ओळखणारा प्रोग्राम हवा. त्यात 'पाठ' आला की ती अंगाची, पुस्तकातला धडा, की पाठ केलेली कविता हे मशीनने शेजारच्या शब्दांवरून ताडायचं. शिवाय साठा नेटवरून भरायचा म्हणजे पेपरची भाषा भरपूर येणार आणि मालवणी, अहिराणी नावालाच, कारण ती बोलतात सगळे, टाइप करणारे कमी. म्हणून बोलीच्या कोशासाठी आजही रेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरावंच लागतं, आणि ते रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायला बोलायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.