फ्लूचा विषाणू कात्री मंद का चालवतो?

‘बाबाजीवनात’ असं सलग लिहिलं, तर बाबाजी वनात गेले की बाबा जीवनात आले हे आपण कुठे तोडतो त्यावर ठरतं. अक्षरं तीच, अर्थ दोन. शाळेत मधल्या सुट्टीत खेळायचा हा खेळ फ्लूचा विषाणू पोटापाण्यासाठी खेळतो. माणसाचा जनुकीय मजकूर सुमारे तीन अब्ज अक्षरांचा. इन्फ्लुएंझा ‘ए’चा अवघा साडेतेरा हजार अक्षरांचा, तोही आरएनएच्या आठ तुकड्यांत विभागलेला. एवढ्याशा कागदावर संसार मांडायचा, तर काही ओळी दोनदा वापरल्यावाचून गत्यंतर नाही.

त्यासाठी लागते कात्री, आणि ती त्याच्याकडे नाही. ती आपल्या पेशीकडे आहे. आपली बहुतेक जनुकं सलग मजकुराची नसतात. कामाच्या मजकुरात मध्येमध्ये बिनकामाचे लांबलचक पट्टे असतात. जनुकाची आरएनए प्रत निघाली की केंद्रकातलं एक भलंमोठं यंत्र, म्हणजे स्प्लायसिओसोम, हे पट्टे कापून फेकतं आणि उरलेली टोकं जोडतं. या कापाजोडीला स्प्लायसिंग म्हणतात. कुठला पट्टा कापायचा, कुठला ठेवायचा हे बदललं की एकाच जनुकातून वेगवेगळी प्रथिनं मिळतात. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांनी १९७७ साली हा प्रकार शोधला आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गंमत अशी, की त्यांना तो सापडला अ‍ॅडेनोव्हायरसमध्ये. घरातली कात्री आपल्याला पाहुण्याच्या हातात पहिल्यांदा दिसली!

पोलिओ, डेंग्यू, करोना हे आरएनए विषाणू आपला कारभार केंद्रकाच्या बाहेरच उरकतात. फ्लूचा विषाणू मात्र आत शिरतो. आत त्याला दोन गोष्टी हव्या असतात. पहिली म्हणजे ‘टोपी’. पेशीच्या प्रत्येक संदेशवाहक आरएनएच्या सुरुवातीला एक रासायनिक टोपी असते. ती नसेल तर प्रथिनं बनवणारी रायबोसोम्स त्या संदेशाला सहसा दाद देत नाहीत. विषाणू पेशीच्या आरएनएची टोपी पुढच्या दहा-तेरा अक्षरांसकट छाटतो आणि स्वतःच्या संदेशाला चिकटवतो. चोरी सरळसरळ आहे. दुसरी गोष्ट कात्री, आणि तिथे मामला जास्त नाजूक आहे.

आठांपैकी सातवा आणि आठवा तुकडा या कात्रीवर अवलंबून असतो. सातव्याचा संदेश न कापता वाचला तर एम१ हे प्रथिन मिळतं, विषाणूच्या आवरणाला आतून दिलेलं अस्तर. कापून वाचला तर एम२, म्हणजे त्या आवरणातलं एक चिमुकलं दार. नव्या पेशीत शिरताना या दारातून आम्ल आत येतं आणि विषाणूच्या जनुकांची गाठोडी सुटतात. आठव्या तुकड्यातून तसंच न कापता एनएस१ आणि कापून एनईपी. दोघांची पहिली दहा अमिनो आम्लं एकच. एनईपीसाठी पुढची ४७३ अक्षरं कापली जातात. अमिनो आम्लं तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचली जातात, आणि जोडानंतर हे गट एनएस१पेक्षा वेगळ्या ठिकाणी तुटतात. वनातले बाबाजी इथे जीवनात येतात.

आता कुणालाही वाटेल, की कात्री फुकट मिळाली आहे तर विषाणूने ती सपासप चालवावी. तो नेमकं उलटं करतो. आठव्या तुकड्यावरची कापायची खूण मुद्दाम पुसट ठेवावी तशी कमकुवत आहे. स्प्लायसिओसोमला ती नीट ओळखू येत नाही, त्यामुळे संदेशांचा थोडाच हिस्सा कापला जातो. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत हुशारीची वाटते. न कापलेल्या संदेशातून येणारा एनएस१ पेशीची धोक्याची घंटा, म्हणजे इंटरफेरॉन, दाबून ठेवतो. तो पहिल्यापासून भरपूर हवा. एनईपीचं काम विषाणूच्या जनुकांच्या नव्या प्रती केंद्रकाबाहेर काढण्याचं. तो लवकर जमला, तर पुरेशा प्रती निघण्याआधीच बोऱ्या-बिस्तरा गुंडाळून बाहेर पडायची वेळ येईल. कात्री मंद चालते म्हणून एनईपी हळूहळू साठतो, वाळूच्या घड्याळातल्या वाळूसारखा. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे तपासून दाखवलं. त्यांनी या कापाकापीचं प्रमाण बदललं तेव्हा बाहेर पडण्याची वेळ चुकली आणि संसर्गच फसला.

सातव्या तुकड्याचा तोल आणखी अवघड, कारण तो यजमानाप्रमाणे, म्हणजे विषाणू ज्याच्या पेशीत शिरतो त्या पक्ष्याप्रमाणे किंवा माणसाप्रमाणे, बदलतो. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये एच५एन१ सापडला. भारतातला तो बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, माणसांत मात्र साथ पसरली नाही. पक्ष्यांचा फ्लू माणसांत सहज पसरत नाही याची कारणं बरीच आहेत, आणि पेशीच्या पृष्ठभागावरचं कुलूप वेगळं असणं हे त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध. पण कात्रीही आड येते. पक्ष्यांच्या काही विषाणूंवरचे २०१९चे अभ्यास सांगतात, की माणसाच्या पेशीत त्यांचा सातवा तुकडा प्रमाणाबाहेर कापला जातो. एम२चा सुकाळ आणि एम१चा दुष्काळ. एनईपीबरोबर जनुकं बाहेर न्यायला एम१ही लागतो. तो अपुरा पडला की तयार माल केंद्रकातच अडकतो.

मग कात्रीच बंद पाडणारं औषध का नाही? क्लक१ नावाचं एक पेशीतलंच विकर कात्रीच्या मदतनीस प्रथिनांना कामाला लावतं. ते रोखल्यावर विषाणूची वाढ मंदावते, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. अडचण उघड आहे: कात्री आपली आहे, तिच्यावाचून आपल्याही हजारो जनुकांचं काम अडतं. जपानमध्ये २०१८ साली मान्यता मिळालेलं बॅलोक्सॅव्हिर हे औषध म्हणूनच तिच्या वाटेला जात नाही. ते विषाणूची स्वतःची कात्री बंद पाडतं, टोप्या छाटणारी.