जाड पाठ, लांब नळी: लठ्ठपणा आणि कमरेचे फ्युजन

कमरेच्या ऑपरेशनचा विषय निघाला की वजनदार रुग्णाला हमखास ऐकावे लागते, ‘आधी वजन उतरवा.’ चार पावले टाकली की पायातून कळ जाते, त्याने ते उतरवायचे कसे? म्हणून नळीतून होणाऱ्या फ्युजनमध्ये वजनाने काय बिघडते आणि काय नाही, हे सुटेसुटे पाहिलेले बरे.

फ्युजन म्हणजे दोन मणके कायमचे जोडणे. दोन मणक्यांमधली झिजलेली गादी काढून तिथे केज (आधार देणारा छोटा पोकळ ठोकळा) आणि हाडाचा चुरा बसवतात, स्क्रू आणि सळ्यांनी मणके घट्ट धरतात. पुढे सहा महिने ते वर्षभरात तिथे हाड धरते. उघड्या पद्धतीत मधोमध चिरा देऊन स्नायू हाडापासून सोलून ओढून धरावे लागतात. पाठ जितकी जाड, तितका चिरा लांब, कारण खोलात हात चालवायचा तर तोंड रुंद हवे. चरबीला रक्तपुरवठा मुळात कमी. ती ताणली-चेपली गेली की मरते, टाक्यांखाली पोकळी राहते, तिथे पाणी साठते आणि जंतूंचे फावते.

नळीच्या पद्धतीत चिरा अडीच-तीन सेंमीचा, मधल्या रेषेच्या बाजूला. एकीवर एक जाड नळ्या सरकवत स्नायूंचे तंतू फाकवतात आणि शेवटी साधारण २२ मिमी व्यासाची नळी मणक्याच्या सांध्यावर टेकते. सांधा ५ सेंमी खोल असो की ९, भोक तेवढेच. त्यामुळे जखमेच्या बाबतीत या पद्धतीचा खरा लाभ वजनदार रुग्णालाच.

अडचण जाते कुठे? भूमितीत. नळी ३० अंश तिरकी घालायची असेल, तर ५ सेंमी खोलीला चिरा सांध्याच्या सुमारे ३ सेंमी बाहेर घ्यावा लागतो. ९ सेंमीला ५ सेंमीहून जास्त. नेहमीच्या जागी चिरा घेतला तर नळी उभी राहते आणि नसेवरचा दाब मोकळा करायला हवा तो कोन मिळत नाही. म्हणून बीएमआयपेक्षा (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) एमआरआयवर त्वचा ते हाड हे अंतर मोजलेले जास्त उपयोगी. १६५ सेंमी उंची आणि ९५ किलो वजन म्हणजे बीएमआय सुमारे ३५, पण ती चरबी पोटावर आहे की पाठीवर, हे तो आकडा सांगत नाही. नळी आखूड पडली तर कडेने स्नायू आत घुसतो आणि दिसेनासे होते.

दुसरी अडचण सी-आर्मची, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राची. इथे स्क्रू बहुतेकदा एक्स-रेच्या भरवशावरच जातात. जाड शरीरात किरण विखुरतात, चित्र धुरकट येते, यंत्र किरणांची मात्रा वाढवते आणि तरीही कमरेखालचा शेवटचा सांधा बाजूने नीट दिसेलच असे नाही. म्हणून रुग्णाला टेबलावर घेतल्याबरोबर, चिऱ्याआधीच चित्रे तपासायची.

रुग्णाला पालथे झोपवताना पोट खाली मोकळे लोंबलेच पाहिजे. ते दाबले गेले की पोटातल्या मोठ्या शिरेवर भार येतो, रक्त मणक्याभोवतीच्या झडपा नसलेल्या शिरांत तुंबते आणि नळीच्या अरुंद तळाशी तेच झिरपत राहते. फुप्फुसे फुगवायलाही जास्त दाब लागतो. कमरेच्या हाडाखालच्या उशा नीट नसतील तर मांडीची बाहेरची बाजू काही आठवडे बधिर राहते.

भूलतज्ज्ञाची खरी धास्ती झोपेत श्वास अडकण्याची. घोरणे, दिवसा पेंग, रात्री वापरायचे सीपॅप यंत्र (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे), हे सगळे आधीच सांगावे. वजन उतरवण्याची इंजेक्शने चालू असतील तर तीही, कारण त्यांनी पोट सावकाश रिकामे होते. प्रतिजैविकाचा डोसही वजनावर ठरतो: सेफाझोलिन एरवी २ ग्रॅम, १२० किलो किंवा अधिक असेल तर ३ ग्रॅम, चिऱ्याआधीच्या तासाभरात. साखर आटोक्यात हवी. आणि जाड माणूस कुपोषित नसतो ही समजूत चुकीची. प्रथिने कमी असली तर जखम रेंगाळते.

निकाल? वजनदार रुग्णांचेही दुखणे चांगले कमी होते. सुरुवात जास्त त्रासातून झालेली असल्याने शेवटी थोडे जास्त दुखणे उरू शकते, पण पडलेला फरक अनेकदा इतरांइतकाच असतो. पाय दुखायचा थांबला की वजन आपोआप उतरेल, ही आशा मात्र बहुतेकांच्या बाबतीत फोल ठरते. त्यासाठी आहाराचा बेत ऑपरेशनच्या तारखेसोबतच ठरवावा लागतो.