बोलताना अडखळायची, गाताना नाही: अ‍ॅन विल्सन, तिची बहीण आणि गळ्याचं सायन्स

अ‍ॅन विल्सन लहानपणी चांगलीच अडखळत बोलायची. हीच पोरगी पुढं हार्ट नावाच्या अमेरिकन बँडची मेन सिंगर झाली, तेही सत्तरच्या दशकात, जेव्हा हार्ड रॉकच्या स्टेजवर बाया औषधालाच होत्या, आणि आवाज असा की दोन-दोन गिटार आणि ड्रम फुल चालू असले तरी वरून हिचाच ऐकू येणार. बाजूला गिटार घेऊन तिची चार वर्षांनी लहान बहीण नॅन्सी. आपल्या नागपुरात रॉक ऐकणारी पोट्टी म्हणजे मेटॅलिका, आयर्न मेडन, फार तर लिंकिन पार्क, हार्टचं नाव काढलं तर कॉलेज फेस्टमधले अर्धे जण विचारतील कोण बे हे, पण मला या दोघी बहिणींबद्दल लिहायचंय ते वेगळ्याच कारणानं. तीच जीभ, तोच गळा, तेच शब्द, मग बोलताना अडकतात आणि सुरात म्हटले की सटासट बाहेर, असं कसं?

आधी थोडं तिच्याबद्दल. जन्म १९ जून १९५०, सॅन डिएगोचा. वडील अमेरिकन मरीन कोअरमध्ये ऑफिसर, म्हणजे बदल्या आल्याच, पनामा काय, तैवान काय. वायुसेना नगरात नाहीतर रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही, दर दोन-तीन वर्षांनी शाळा नवी, मित्र नवे, आणि घरात मात्र तीच भावंडं. त्यात बोलताना अडखळणारं पोरगं असलं तर ते बाहेर फार तोंड उघडतच नाही. शेवटी कुटुंब सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यूला स्थिरावलं. लिन सगळ्यात मोठी, मग अ‍ॅन, मग १९५४ ची नॅन्सी. अ‍ॅन एकदा मोनोन्यूक्लिओसिसनं, म्हणजे घसा सुजवणाऱ्या आणि अंगातली ताकदच काढून घेणाऱ्या एका विषाणूच्या आजारानं, बरेच महिने आजारी पडली, शाळा बुडाली, तेव्हा आईनं तिला रमायला म्हणून गिटार आणून दिली आणि ती गिटार खरी धरली नॅन्सीनं. १९६४ मध्ये टीव्हीवर बीटल्स बघितले, १९६६ मध्ये सिअ‍ॅटलला प्रत्यक्ष बघितले, झालं, दोघी कामातून गेल्या.

आता अडखळण्याकडे येऊ, कारण खरी मजा तिथं आहे. लहान मुलांपैकी साधारण ५ टक्के कधी ना कधी अडखळतात, बहुतेकांचं आपोआप सुटतं, मोठेपणी जवळपास १ टक्का उरतात. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांचं होतं, म्हणजे नुसत्या आपल्या शहरात २० हजारांच्या वर लोक. मोठ्यांमध्ये पुरुष जास्त, बाईमागे साधारण चार पुरुष. आणि आपल्याकडे याच्यावर जे काही बोललं जातं, घाबरतो, लहानपणी धसका घेतला, डावखुऱ्याला उजवा हात धरायला लावला, लाडावलाय, ते सगळं सोडून द्या. भीतीनं अडखळणं वाढतं हे खरं, पण सुरुवात भीतीतून होत नाही. मूळ आहे मेंदूत, बोलण्याच्या हालचालींचं टायमिंग जिथं ठरतं तिथं.

बोलणं आपल्याला सोपं वाटतं कारण आपण रोज करतो. खरं म्हणजे सेकंदाला चार-पाच अक्षरं, प्रत्येकाला जीभ, ओठ, जबडा, टाळू, स्वरयंत्र आणि छातीतला श्वास यांचा मेळ, शंभराच्या आसपास स्नायू, आणि कोणता कधी सुटायचा हे सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यात ठरायला पाहिजे. 'आता पुढचं अक्षर सोड' हा इशारा द्यायच्या कामात मेंदूच्या आतल्या भागात बसलेली बेसल गँग्लिया नावाची केंद्रं असतात. भजनी मंडळात टाळ वाजवणारा असतो ना, तो काही गात नाही, पण सगळ्यांना उचलायची जागा त्याच्यामुळं कळते, तसंच काहीसं. हा आतला टाळ वेळेवर पडला नाही की बोलणारा पहिल्याच अक्षरावर उभा राहतो, क-क-क, नाहीतर आवाजच फुटत नाही. काय बोलायचं ते त्याला शंभर टक्के माहीत असतं, बुद्धीचा इथं काही संबंध नाही, नुसती सुरुवात होत नाही.

मग गाण्यात काय होतं? ताल बाहेरून मिळतो. आतला टाळ चुकला तरी चालतं, ड्रमवाला आहे ना. अडखळणाऱ्या माणसाला मेट्रोनोमच्या, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्राच्या, ठोक्यावर बोलायला लावलं तर तो बऱ्यापैकी सरळ बोलतो, आणि दुसऱ्याबरोबर एकत्र वाचायला लावलं तर जवळजवळ अडखळतच नाही, हे प्रयोगांमध्ये कितीतरी वेळा दिसलंय. शाळेत प्रार्थना सगळ्यांबरोबर खणखणीत म्हणणारा आणि हजेरीला 'हजर' म्हणताना अडकणारा मुलगा तुमच्या वर्गातही असेल. दुसरं म्हणजे गाण्यात स्वर ताणले जातात. बोलताना स्वरयंत्र सतत चालू-बंद होत राहतं आणि प्रत्येक 'चालू' ही अडकायची जागा, गाण्यात एकदा आवाज लागला की तो पुढं पुढं वाहत राहतो, म्हणून अशा जागाच कमी. शिवाय शब्द आधीच पाठ, चाल आधीच ठरलेली, आयत्या वेळी वाक्य जुळवायचं नाही. म्हणून अ‍ॅनचं काही फार वेगळं नव्हतं, अडखळणारे जवळपास सगळेच गाताना मोकळे असतात, तिनं फक्त त्या मोकळ्या जागेतच आयुष्य काढायचं ठरवलं.

पण हा इलाज मात्र नाही. गाण्याच्या क्लासला घातलं म्हणजे पोरगं भाजीवाल्याशी सुरळीत बोलायला लागेल असं होत नाही, ताल काढून घेतला की बहुतेक वेळा अडखळणं परत येतं. त्यासाठी स्पीच थेरपिस्टच पाहिजे, आणि घरच्यांनी त्याचं वाक्य मधेच आपण पूर्ण करायची सवय सोडली पाहिजे.

ताल आणि अडखळण्याचा हा संबंध डीएनएपर्यंत जातो. २०२२ मध्ये सहा लाखांवर लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास छापून आला, त्यांना विचारलेला प्रश्न अगदी साधा होता, तुम्हाला गाण्याच्या ठेक्यावर टाळी देता येते का. त्यात जी जनुकं ठळक दिसली त्यात व्हीआरके२ नावाचं एक होतं. नंतर २०२५ मध्ये दहा लाखांवर लोकांचा अडखळण्यावरचा अभ्यास आला, डीएनएमधल्या ५७ जागा सापडल्या, आणि पुरुषांमध्ये सगळ्यात ठळक जागा कोणती? तीच, व्हीआरके२. टाळी चुकणाऱ्याचं बोलणं अडखळतं असा याचा सरसकट अर्थ काढू नका, एकेका जनुकाचा परिणाम अगदी चिमूटभर असतो. पण बोलण्यातला ताल आणि गाण्यातला ताल मेंदूत शेजारी-शेजारी राहतात एवढं तरी दिसतंय.

डेनिस ड्रेना नावाच्या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाचं काम तर मला भारीच वाटतं. २००१ मध्ये त्याच्या टीमनं जुळ्या भावंडांना ओळखीच्या चाली ऐकवल्या, काहींमध्ये मुद्दाम एखादा सूर बिघडवलेला. आपल्याला कोणी 'सुखकर्ता दुखहर्ता' वाजवून मधेच एक सूर चुकीचा लावला तर गणपती मंडळातलं शेंबडं पोरही वळून बघेल, तशीच टेस्ट. निकाल असा की सूर ओळखण्यात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला ७० ते ८० टक्के जनुकांच्या फरकातून येतो. आणि हाच माणूस पुढं अडखळण्याकडे वळला, २०१० मध्ये त्याच्या टीमनं पाकिस्तानातल्या कुटुंबांचा अभ्यास करून अडखळण्याशी जोडलेली पहिली जनुकं शोधली, आणि ती निघाली पेशीतला कचरा साफ करणाऱ्या यंत्रणेची. ते वाचून खुद्द या विषयातले लोकही चक्रावले असतील.

म्हणजे संगीत रक्तातच असतं, असं म्हणायचं का? इथं आपले लोक दोन टोकांना जातात. एक म्हणणार घराण्यातच सूर आहे, दुसरा म्हणणार सगळं रियाजावर. स्वीडनमध्ये दहा हजारांवर जुळ्यांचा अभ्यास झाला, २०१४ मध्ये छापला, त्यात असं दिसलं की रियाज किती करतो हीच गोष्ट बऱ्यापैकी आनुवंशिक आहे, ४० ते ७० टक्के. म्हणजे पेटी शिवायचा कंटाळा येणारा आणि आईनं जेवायला हाक मारली तरी न उठणारा, यांच्यातला फरकसुद्धा थोडा जन्मतःच येतो. आता रियाजाचं क्रेडिट कोणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा. अर्थात या दोन्ही अभ्यासांतल्या टेस्ट सूर आणि ताल ओळखायच्या होत्या, गळ्यातून तान काढायच्या नव्हत्या, तिथं रियाजाला पर्याय नाहीच.

दोघी बहिणी एकत्र गायल्या की जे होतं ते मात्र शुद्ध फिजिक्स आहे. स्वरतंतू म्हणजे बाईच्या गळ्यात जेमतेम दीड सेंटिमीटरच्या दोन घड्या, त्या हवेनं थरथरतात, ४४० चा सूर म्हणजे सेकंदाला ४४० वेळा मिटतात-उघडतात. त्यातून मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सूरही निघतात, आणि घसा-तोंडाची पोकळी त्यातले काही उचलते, काही दाबते. त्यावरूनच 'आ' आणि 'ई' वेगळे ऐकू येतात आणि त्यावरूनच फोनवर आवाज ओळखू येतो. बहिणींचा जबडा, टाळू, घशाची लांबी सारखी, आणि 'आ' कसा उघडायचा हे दोघी एकाच स्वयंपाकघरात शिकलेल्या. म्हणून सूर जुळले की वरचे उपसूरही जागच्या जागी बसतात आणि दोन आवाजांचा एकच मोठा आवाज झाल्यासारखं वाटतं. लँडलाइनच्या काळात मोठीला धाकटी समजून गप्पा मारणारी मावशी प्रत्येक घरात होती ती याच्यामुळंच.

पण सारखा गळा म्हणजे सारखं गाणं नव्हे, लता-आशांचं उदाहरण आपल्यासमोर आहेच. अ‍ॅन आणि नॅन्सीचंही तसंच. अ‍ॅनचा आवाज धारदार, १९७७ च्या 'बॅराकुडा'मध्ये तर संतापलेला, आणि ते खरंच रागात लिहिलं होतं, रेकॉर्ड कंपनीनं प्रसिद्धीसाठी दोघी बहिणींबद्दल घाण सूचकपणा केला होता म्हणून. असा खणखणीत वरचा सूर लावताना स्वरतंतू जास्त वेळ घट्ट मिटलेले राहतात आणि गायिका तोंड मोठं उघडून पोकळीचा मुख्य गुंजन-सूर वर नेते, मूळ सुराच्या दुपटीला नेऊन भिडवते, ४४० ला ८८०. तिथं जुळलं की फार जोर न लावता आवाज मोठा निघतो. नवशिके इथंच मार खातात, पोकळी जुळवायच्या ऐवजी घसा ताणतात आणि फेस्टच्या दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या गुळण्या.

नॅन्सीचा आवाज मऊ, आणि गंमत बघा, हार्टचं पहिलं नंबर वन गाणं, १९८६ चं 'दीज ड्रीम्स', ते गायलं नॅन्सीनं, तेही सर्दी झालेली असताना. सर्दीत स्वरतंतू सुजतात, जड होतात म्हणून सावकाश थरथरतात आणि आवाज खाली येतो, कडा नीट मिटत नाहीत म्हणून थोडी हवा निसटते, तोच तो किंचित खरखरीत आवाज. निर्मात्याला तो इतका आवडला की नंतर बरी झाल्यावर तिला म्हणे परत आजारी पड ना. आपण मात्र हे करू नये, सुजलेल्या तंतूंवर जोर दिला तर आतली रक्तवाहिनी फुटू शकते. मेच्या ४५ डिग्रीत तर आपल्याकडे हवाच इतकी कोरडी की तंतूंवरचा ओलावा उडतो आणि त्यांना थरथरवायला जास्त दाब लागतो. त्या बाबतीत आपला खसवाला कूलर गाणाऱ्यांसाठी एसीपेक्षा बरा, तो हवेत ओलावा सोडतो, एसी असलेला काढून घेतो. गाडीवर जाताना तोंडाला दुपट्टा बांधला तरी फरक पडतो.

आवाज मुद्दाम खरखरीत करायचा रॉकवाल्यांचा प्रकार मात्र वेगळा, त्यात स्वरतंतूंच्या वरच्या दुसऱ्या घड्या, एरवी गप्प असलेल्या, त्याही थरथरतात. २०१६ मध्ये एका टीमनं क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याची रेकॉर्डिंग तपासून आणि त्याची नक्कल करणाऱ्या गायकाचा गळा कॅमेऱ्यानं बघून हेच शोधलं. तोच, आपल्या पाचगणीच्या बोर्डिंग स्कूलमध्ये शिकलेला.

पुढचं लवकर सांगतो. १९८७ मध्ये 'अलोन' परत नंबर वन, २०१३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम. २०१६ मध्ये घरगुती भांडणातून बहिणींचं फाटलं, २०१९ मध्ये टूरसाठी परत एकत्र. २०२४ मध्ये अ‍ॅनला कॅन्सर झाला, टूर थांबवून केमो घेतली, आणि २०२५ मध्ये ती परत गायला उभी राहिली, उभी म्हणजे सुरुवातीला व्हीलचेअरवर बसूनच, कारण तेवढ्यात पडून कोपर मोडलं होतं. वयाच्या ७४ व्या वर्षी. या वयात स्वरतंतूंमधला स्नायू बारीक होतो, आणि बायांचा आवाज रजोनिवृत्तीनंतर थोडा खाली येतो, तरी रेटून गायली. बसून गायचं म्हणजे काय कमाल असं तिकडच्या लोकांना वाटलं असेल, आपल्याकडे मात्र देशपांडे सभागृहात तीन-तीन तास मांडी घालून गाणारे बुवा बघितलेत आपण. पाठ सरळ असली की छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला खाली सरकायला जागा मिळते, श्वासाला तेवढं पुरतं.