कमांड पॉइंट आणि त्यांचं वाटप (मिनिएचर वॉरगेम)

टेबलावर छोटे पुतळे मांडून खेळायच्या युद्धखेळात सगळ्या युनिट्सना (तुकड्यांना) एकाच टर्नला हवं ते करू द्यायचं नाही, एक ठरावीक साठा द्यायचा आणि त्यातून कुणाला किती हे खेळाडूने ठरवायचं, अशी ही नियमांची पद्धत. साठ्याचं नाव गेमप्रमाणे बदलतं, कुठे कमांड पॉइंट, कुठे ऑर्डर, पिप, फोकस, कुठे नुसतेच फासे. नाव काहीही असो, साठा युनिट्सच्या मानाने तोकडा पडला पाहिजे, सगळ्यांना पुरला तर नियम असून नसल्यासारखाच. आर्मी बांधताना मोजतात ते पॉइंट (2000 पॉइंटची आर्मी वगैरे) इथे धरलेले नाहीत, ते खेळ सुरू व्हायच्या आधीच संपलेले असतात.

उगमाबद्दल एकवाक्यता नाही. फाशावर जे दान पडेल त्यानुसार मोहरं हलवायचं ही कल्पना चार खेळाडूंच्या चतुरंगात आहेच, आणि अल्बेरुनीने साधारण 1030 च्या आसपास तो खेळ नोंदवलाय, म्हणून मूळ तिथे शोधायचा मोह होतो. त्यात बुद्धिबळाचा इतिहास लिहिणाऱ्या डंकन फोर्ब्सने 1860 मध्ये असं मांडलं की फाशांचा चौघांचा खेळच आधीचा, दोघांचा नंतरचा. त्याच विषयाचा दुसरा इतिहासकार मरे याने 1913 मध्ये ते खोडून काढलं आणि आता बहुतेक जण मरेच्याच बाजूने असतात. पण हा वाद कसाही सुटला तरी आपल्या विषयाला त्याने फरक पडत नाही, कारण तिथे कुठलं मोहरं हलणार ते फासाच ठरवतो, खेळाडूला वाटायला काही उरतच नाही.

त्यापेक्षा प्रशियन क्रीग्सश्पीलचा (लष्करी सरावासाठीच्या युद्धखेळाचा) धागा जास्त पटण्यासारखा आहे. धाकट्या राइसविट्झने 1824 मध्ये छापलेल्या नियमांत एक टर्न म्हणजे 2 मिनिटं, खेळाडू हुकूम लिहून द्यायचे आणि तो हुकूम तुकडीपर्यंत कधी पोचला हे मधला पंच ठरवायचा. म्हणजे टंचाई होती ती वेळेची आणि निरोपाची, सैनिकांची नव्हे. पुढे एच. जी. वेल्सने 1913 च्या घरगुती नियमांत पंच वगैरे भानगड न ठेवता सरळ घड्याळ लावलं, 110 माणसं आणि 3 तोफा असतील तर एका चालीला 7 मिनिटं, तेवढ्यात जे हलवून झालं ते झालं. शिवाय तोफेच्या 6 इंचांत आपली निदान 4 माणसं असल्याशिवाय ती चालवता येत नसे, त्यामुळे माणसंही वाटावी लागायची. पंच गेला, घड्याळही मागे पडलं, आणि त्यांचं काम फाशाकडे आलं असं म्हणायला हरकत नाही.

ते सगळ्यात स्वच्छ दिसतं 1990 च्या डी बेलिस अँटिक्विटाटिसमध्ये, म्हणजे डीबीएमध्ये. प्रत्येकाकडे 12 एलिमेंट (एका पट्टीवर बसवलेल्या पुतळ्यांच्या तुकड्या) आणि टर्नच्या सुरुवातीला एकच फासा, जेवढं दान तेवढे पिप, एका पिपमध्ये एक एलिमेंट किंवा एक अख्खा गट हलतो. सरासरी दान साडेतीन, म्हणजे सुटे सुटे हलवायचे म्हटले तर एक तृतीयांश सैन्यसुद्धा हलत नाही. मेख इथेच आहे, रांग जोडलेली असेल तोवर 6 एलिमेंट एका पिपमध्ये पुढे सरकतात, पण एकदा धुमश्चक्रीत ती फुटली की तेच 6 जण 6 पिप मागतात, त्यामुळे सुरुवातीला श्रीमंत वाटणारा सेनापती लढाई रंगात आल्यावर कंगाल होतो, आणि हे कुठल्याही वेगळ्या नियमाशिवाय आपोआप घडतं. सेनापतीपासून लांब गेलेल्यांना जास्तीचा पिप लागतो, काही आवृत्त्यांत हत्तींनाही. प्रशियन युद्धविचारक क्लाउझेविट्झ ज्याला युद्धातलं घर्षण (ठरवलेलं प्रत्यक्षात अडखळत जाणं) म्हणतो ते इतक्या थोडक्या नियमांत दुसरीकडे क्वचितच उतरलंय. मोठ्या लढायांसाठीच्या डीबीएममध्ये (1993) सैन्याचे विभाग पाडून प्रत्येक विभागाला वेगळा फासा दिला.

दुसरी पद्धत साठा न मोजता जोखीम वाढवत नेण्याची. वॉरमास्टरमध्ये (2000) दोन फाशांची बेरीज सरदाराच्या आकड्याइतकी किंवा कमी आली तर हुकूम लागू होतो, त्याच युनिटला पुढचा हुकूम देताना आकडा 1 ने घसरतो, आणि एकदा चुकलं की त्या सरदाराचा टर्न संपला. आकडा 8 धरला आणि अंतराची वजावट सोडली तर पहिला हुकूम साधारण 72 टक्के, दुसरा 58, तिसरा 42, आणि सलग तिन्ही लागण्याची शक्यता जेमतेम साडेसतरा टक्के. साँग ऑफ ब्लेड्स अँड हीरोजमध्ये (2007) तर किती फासे टाकायचे, 1, 2 की 3, हे खेळाडूच ठरवतो आणि दोन फसले की टर्न समोरच्याकडे. फाशावर 3 किंवा जास्त लागणाऱ्या योद्ध्याला तीन फासे टाकले तर टर्न हातचा जायची शक्यता 26 टक्के, 4 किंवा जास्त लागणाऱ्याला थेट 50. म्हणून मुरलेले लोक भरवशाच्या युनिट्सना आधी हात घालतात.

वॉरमशीनमध्ये (2003) वॉरकास्टर (जादूगार सेनापती) आपले फोकस पॉइंट लढाऊ यंत्रांना वाटतो, पण न वाटता स्वतःकडे ठेवले तर त्याचं चिलखत भक्कम होतं, म्हणजे कंजूषपणालाही भाव आहे. त्याच्या जोडीच्या हॉर्ड्समध्ये (2006) हाच हिशोब उलटा केलाय, तिथे लढाऊ जनावरं फ्युरी नावाचे पॉइंट निर्माण करतात आणि मालकाने ते वेळेत काढून घेतले नाहीत तर जनावर बेभान होऊ शकतं. इन्फिनिटीत (2005) प्रत्येक सैनिक गटाच्या साठ्यात एक ऑर्डर टाकतो पण त्या जवळजवळ सगळ्या एकाच पठ्ठ्यावर उधळता येतात, मग दहाच्या गटातले बाकीचे नऊ जण निव्वळ त्याला पोसायला उभे. सागामध्ये (2011) अजून मजा, तुमच्या युनिटला चढलेला थकवा समोरचा खेळाडू आपल्या फायद्यासाठी खर्च करतो.

वॉरहॅमर 40,000 मध्ये कमांड पॉइंट आले ते आठव्या आवृत्तीत, 2017 ला. तिथे ते हालचालीसाठी नसून खास डावपेचांसाठी असतात आणि सुरुवातीला आर्मीच्या रचनेवरून मिळायचे, त्यामुळे नुसते पॉइंट मिळावेत म्हणून स्वस्तातली युनिट्स भरायची टूम निघाली. दहाव्या आवृत्तीत (2023) दर कमांड फेजला (टर्नच्या पहिल्या टप्प्याला) दोघांनाही 1-1 एवढाच सरळ हिशोब ठेवलाय. बोल्ट अॅक्शनचे (2012) पिशवीतून काढायचे ऑर्डर-फासे बरेच जण याच सदरात घालतात, पण तिथे प्रत्येक युनिटमागे एक फासा असतोच, तोटा पडतो तो क्रमाचा, तेव्हा काटेकोर अर्थाने ते वाटप नव्हे.

एकाच युनिटपुरता साठा हा शेजारचा प्रकार. बॅटलटेकमध्ये (1984) प्रत्येक मेकची (अवाढव्य लढाऊ यंत्रमानवाची) उष्णता वेगळी मोजतात, 30 ला पोचला की मेक बंद पडतो, आणि सगळ्यात जड ऑटोकॅननला एका टनात 5 च फैरी मिळतात, त्या शेजारच्या मेककडून उसन्या घेता येत नाहीत.