वाहन-ते-घर वीजपुरवठा

वाहन-ते-घर वीजपुरवठा : महावितरणची किंवा अन्य वीज कंपनीची वीज बंद पडली असता मोटार, ट्रॅक्टर अशा वाहनातील वीज घरातील उपकरणांसाठी वापरण्याची पद्धत. ही वीज तीन प्रकारे मिळते : इंजिनच्या साध्या गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीतून, हायब्रिड (इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या) किंवा विद्युत मोटारीच्या मोठ्या बॅटरीतून, आणि ट्रॅक्टरच्या पीटीओ दांड्यावर (इंजिनची ताकद बाहेरच्या यंत्राला देणाऱ्या मागच्या दांड्यावर) फिरणाऱ्या जनरेटरातून.

पहिला प्रकार सर्वांच्या हाताशी असतो, आणि त्याच्याविषयीच गैरसमज जास्त. लहान पेट्रोल मोटारीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची असते. बारा व्होल्टने गुणले तर 420 वॅट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटापेक्षाही कमी (एक युनिट म्हणजे 1000 वॅट-तास). ही बॅटरी सेल मारताना काही क्षण जोराचा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते. ती वारंवार पूर्ण उतरवली की लवकर खराब होते. म्हणून निम्मीच वापरायची म्हटले, तर 75 वॅटचा एक पंखा अडीच तासांच्या आतबाहेर चालतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून फार तर 120 वॅटच्या आसपास वीज घेता येते. त्याहून मोठा इन्व्हर्टर (बॅटरीच्या विजेची घरगुती 230 व्होल्टची वीज करणारे यंत्र) चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडावा लागतो. इंजिन चालू ठेवले तर त्यावर फिरणारा अल्टरनेटर (गाडीतला छोटा जनरेटर) बॅटरी भरत राहतो, पण जागेवर उभ्या गाडीचे पेट्रोल जाळून मिळणारी ही वीज महाग पडते. मोबाइल, दोन एलईडी दिवे, राउटर, आजाऱ्याचा नेब्युलायझर एवढ्यापुरती ही सोय उत्तम आहे.

खरा बदल झाला तो जपानमध्ये. 11 मार्च 2011 च्या भूकंप व त्सुनामीनंतर ईशान्य जपानात पेट्रोलचा तुटवडा पडला आणि अनेक ठिकाणी वीज इंधनाच्या आधी परत आली. विद्युत मोटारी मदतकार्यात उतरल्या त्या यामुळे. टोयोटाच्या एस्टिमा हायब्रिड गाडीत 1500 वॅटचा घरगुती सॉकेट होता. तोही त्या दिवसांत कामी आला. पुढच्याच वर्षी, 2012 मध्ये, निस्सानने लीफ मोटारीसाठी घराला जोडायचे यंत्र बाजारात आणले. त्याची क्षमता 6 किलोवॅट होती. लीफच्या 24 युनिटांच्या बॅटरीवर सरासरी जपानी घर सुमारे दोन दिवस चालेल, असा हिशेब कंपनीने मांडला होता. सप्टेंबर 2019 मध्ये फॅक्साय वादळाने टोकियो परिसरातील 9 लाखांहून अधिक घरांची वीज गेली, तेव्हा चिबा प्रांतात मोटार कंपन्यांनी अशा गाड्या पाठवल्या. अमेरिकेत फोर्डची 2022 मध्ये आलेली एफ-150 लाइटनिंग ही पिकअप योग्य यंत्रणा बसवल्यास घराला 9.6 किलोवॅटपर्यंत वीज देते.

भारतात मिळणाऱ्या विद्युत मोटारींत मुख्यतः ‘वाहन-ते-उपकरण’ ही सोय असते : चार्जिंगच्या जागी अडॅप्टर लावायचा, त्यात एक्स्टेन्शन बोर्ड घालायचा. जानेवारी 2023 मध्ये आलेल्या ह्युंदाई आयोनिक 5 मध्ये ती होती, आणि सप्टेंबर 2023 च्या टाटा नेक्सॉन ईव्हीत 3.3 केव्हीएपर्यंत (ढोबळमानाने तीन किलोवॅट). दोन पंखे दहा तास, पाच दिवे सहा तास, फ्रिज आणि मोबाइल यांना दिवसाला मिळून सुमारे तीन युनिटे लागतात. चाळीस युनिटांच्या बॅटरीतील निम्मी वीज प्रवासासाठी राखली तरी सहा दिवस निघतात. एसी लावला तर हा हिशेब कोलमडतो.

कोकणात प्रश्न पाण्याचा असतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, खांब आडवे झाले आणि अनेक गावांत कित्येक दिवस अंधार राहिला. विहिरीवरचा पंप बंद म्हणजे घरात पाणी नाही. एक अश्वशक्तीची मोटर चालताना सुमारे 750 वॅट किंवा थोडी अधिक वीज घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढते, त्यामुळे गाडीची यंत्रणा पुष्कळदा आपोआप बंद होते. अशा गावांत ट्रॅक्टरवरचा जनरेटर अधिक उपयोगी ठरतो. पीटीओ मिनिटाला 540 फेरे देतो. पुली किंवा गिअरबॉक्सने ते वाढवून जनरेटर 1500 फेऱ्यांवर फिरवला की 50 हर्ट्‌झची वीज मिळते. आळीतल्या सगळ्यांच्या टाक्या एका फेरीत भरून घेता येतात.

धोके दोन, आणि दोन्ही जीव घेणारे. इंजिनच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद गॅरेजात, पडवीत किंवा खिडकीखाली गाडी चालू ठेवली की तो घरात साचतो आणि झोपलेली माणसे उठत नाहीत. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासच्या गारठ्यात वीज गेल्यावर असे मृत्यू झाले. इंजिन चालवायचे तर गाडी उघड्यावर आणि दारे-खिडक्यांपासून दूर हवी.

दुसरा धोका उलट्या पुरवठ्याचा. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून गाडीची वीज भिंतीच्या सॉकेटमध्ये सोडण्याचा ‘जुगाड’ सर्रास सांगितला जातो. मेन स्विच चालू राहिला, तर ती वीज घराबाहेर पडून डीपीपर्यंत (वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत) जाते आणि तिथे 230 व्होल्टचे 11 हजार व्होल्ट होतात. वादळानंतर खांबावर चढलेला वायरमन मृत समजून जी तार हातात धरतो, तीच जिवंत असते. म्हणून घराच्या वायरिंगला गाडी जोडायची असेल, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (घराला एका वेळी कंपनीची किंवा गाडीची, एकच वीज जोडणारा स्विच) बसवून घेणे आवश्यक आहे. तो नसेल, तर उपकरणे थेट एक्स्टेन्शन बोर्डालाच लावावीत.