काटा हलेनासा होतो तेव्हा

वजन उतरवण्याचा निश्चय बहुधा पहिल्या आठवड्यात मोडत नाही. तो चार-सहा महिन्यांनी, फारसा गाजावाजा न होता ढिला पडतो. त्याचे खापर आपण मनाच्या दुबळेपणावर फोडून मोकळे होतो. मात्र या काळात शरीरात काय चाललेले असते ते पाहिले, तर उत्साह ओसरण्यात नवल वाटू नये.

मुळात सुरुवातीचे यशच काहीसे फसवे असते. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साखरेचा काही शे ग्रॅमचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी असते. आहार कमी केला की आधी हा साठा वापरला जातो, पाणी बाहेर पडते आणि काटा आठवडाभरात एक-दोन किलोंनी खाली येतो. चरबीचा हिशेब निराळा आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. म्हणजे रोज 500 कॅलरींची तूट काटेकोरपणे सांभाळली, तरी किलोभर चरबी उतरायला पंधरवडा लागतो. पहिल्या आठवड्याच्या वेगाला सोकावलेल्या मनाला हा पंधरवडा फुकट गेल्यासारखा वाटतो, आणि आदल्या रात्री लोणचे-पापड जरा जास्त झाले असतील, तर अंगात साचलेले पाणी सकाळी काट्यावर उलटेच चित्र दाखवते.

दुसरीकडे भूक वाढत असते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा ऊर्जाखर्च 20 ते 30 कॅलरींनी घटतो, पण भूक मात्र रोज सुमारे 100 कॅलरींनी वाढते. 100 कॅलरी म्हणजे जवळजवळ एक पोळी. सहा किलो उतरवलेला माणूस ताटावरून उठतो तेव्हा पूर्वीपेक्षा पाच-सहा पोळ्यांची जास्तीची ओढ दाबून उठत असतो, आणि नेमक्या याच टप्प्यावर काट्याकडून मिळणारी शाबासकी आटलेली असते.

त्यात अपेक्षांची भर पडते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 60 स्थूल स्त्रियांना उपचारांआधीच त्यांचे उद्दिष्ट विचारले होते. सरासरी उत्तर होते 32 टक्के घट. 17 किलो उतरले तर ते ‘निराशाजनक’ ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. 48 आठवड्यांनी प्रत्यक्षात सरासरी 16 किलो उतरले आणि जवळजवळ निम्म्या स्त्रिया त्या ‘निराशाजनक’ आकड्यापर्यंतही पोहोचल्या नाहीत. वैद्यकीयदृष्ट्या हे घवघवीत यश होते, कारण 5 ते 10 टक्के वजन घटले तरी रक्तदाब आणि रक्तशर्करा सुधारू लागतात. अपयश होते ते केवळ मनातल्या आकड्याच्या तुलनेत.

म्हणून उत्साह टिकवायचा तर आधी मोजमाप बदलावे, असे मला वाटते. एका सकाळच्या आकड्यापेक्षा आठवड्याच्या सरासरीवर विसंबावे. कंबरेला टेप लावावी; भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर मानली जाते. महिन्याभरातले चालणे, जिना चढताना लागणारी धाप, तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, ही सगळी काटा थबकलेला असतानाही पुढे सरकू शकणारी मापे आहेत. उद्दिष्ट कोणासाठी आहे, यानेही फरक पडतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्णय सिद्धांतानुसार स्वतःला पटलेले कारण दडपणापोटी स्वीकारलेल्या कारणापेक्षा जास्त काळ टिकते. लग्नाच्या फोटोंसाठी उतरवलेले वजन वरात घरी आली की परतू लागते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

वजन उतरल्यानंतरचा टप्पा तर आणखी नीरस, कारण तिथे काहीही न बदलणे हेच यश असते. अमेरिकेतील संशोधक रेना विंग आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात यावर युक्ती केली होती. वजन उतरवलेल्या 314 जणांपैकी दोन गटांना रोज वजन करून स्वतःला हिरव्या, पिवळ्या किंवा लाल टप्प्यात बसवायला शिकवले गेले. हिरव्यात राहणाऱ्यांना छोटी भेट मिळे, पिवळ्यात गेलेल्यांनी काय बिघडले ते शोधायचे आणि लाल टप्प्यात पुन्हा कसून सुरुवात करायची. 18 महिन्यांत 2.3 किलो किंवा त्याहून अधिक वजन परत चढलेल्यांचे प्रमाण केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात 72 टक्के होते. प्रत्यक्ष भेटून हे शिकवलेल्या गटात ते 46 टक्के राहिले.